आबांची सात नावं: ७१ च्या लढाईतल्या माणसांची माहिती कशी काढायची?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे आजोबा, आम्ही आबा म्हणतो, ऐंशीचे आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं हवालदार म्हणून पेन्शनला आले. पलटणीचा नंबर आणि गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांना नकोय, पाटण तालुका एवढं पुरे. १९७१ ला ते पूर्वेकडं होते. त्यांचा धाकटा भाऊ, तात्या, तोही त्याच मोहिमेत होता आणि तो परत आला नाही. त्याचं लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याची बायको म्हणजे आमची माई. तिला मूल नव्हतं, माझ्या वडलांना तिनंच वाढवलं कारण माझी सख्खी आजी सारखी आजारी असायची, ती गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली. तर घरात उरली ही दोनच म्हातारी माणसं, दीर आणि भावजय, एकमेकांशी दिवसातनं चार वाक्यं बोलणारी. माई ह्या श्रावणात गेली.

आता मुद्दा. दर १६ डिसेंबरला आबा सकाळी आंघोळ करून पाटावर मेडलं मांडतात, समई लावतात आणि सात नावं घेतात. मोठ्यानं, हजेरी घेतल्यासारखी. सहा दुसऱ्यांची आणि सातवं तात्याचं. बाकी काही नाही, भाषण नाही की रडणं नाही. माई त्या वेळी कधीच बाहेर यायची नाही, चुलीपाशी बसून असायची, नावं संपली की ताट वाढायची, आणि त्या दिवशी घरात गोडाचं असायचंच. लहानपणी आम्हाला वाटायचं हा कुठलातरी सण आहे.

गेल्या वर्षी आबा चौथ्या नावाला अडकले. बराच वेळ गप्प राहिले आणि पुढचं नाव घेतलं. घरात कुणी काही बोललं नाही. आता माई गेल्यापासून म्हणतात "यंदा न्हाई करायचं काय." कारण विचारलं तर उठून गोठ्यात जातात. आणि आम्हा कुणाकडंही ती नावं लिहिलेली नाहीत! त्यांनी कधी लिहू दिली नाहीत, "ल्हिवून काय करायचं, मला म्हाईत हायती" असं. मला तीन नावं आठवतात, तीही अर्धी, आडनावाशिवाय.

तीन गोष्टी विचारायच्यात.

एक, ही नावं दुसरीकडनं कुठून काढता येतील का.

दोन, त्यांना दिल्लीच्या वॉर मेमोरियलला न्यावं का. माझ्या भावाचं म्हणणं न्यायलाच पाहिजे, तिथं तात्याचं नाव असणार, बाबा म्हणतात ह्या वयात धूळ आणि थंडी कशाला.

तीन, हे जरा विचित्र वाटेल. माईच्या अस्थी आम्ही कराडला प्रीतिसंगमावर सोडल्या पण आबांनी थोड्या राखून ठेवायला लावल्यात, गाडग्यात घालून गोठ्याच्या आढ्याला बांधल्यात. त्यांचं म्हणणं त्या "तात्याला जिथं दिला तिथं" जायला पाहिजेत. तात्याला तिकडंच अग्नी दिला होता, घरी फक्त तार आली आणि नंतर काळी ट्रंक. ती जागा आता बांगलादेशात. आबा एवढंच सांगतात की तुऱ्याच्या बाजूनं आत गेलो, पुढं जुनी ब्रह्मपुत्रा लागली. एवढ्यावर काय करता येईल?

---

सिग्नलवाला_रिटायर्ड

ताई, आबांना माझा जयहिंद सांगा. मी त्यांच्यापेक्षा बराच ज्युनियर आणि सिग्नलचा, पण रेकॉर्डची कामं पुष्कळ केलीत म्हणून लिहितो.

पहिल्यांदा घरातली मेडलं बघा. तात्यांची मेडलं माईंकडं आली असणारच, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल तरी नक्की. मेडल आडवं धरून कडेला बघा, तिथं बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव, युनिट कोरलेलं असतं. पुष्कळ घरांत हे कुणाला माहीतच नसतं, फ्रेम करून भिंतीला लावतात आणि कड आत जाते. तो नंबर मिळाला की अर्धं काम झालं. आबांचा स्वतःचा नंबर लागला तर त्यांना झोपेतनं उठवून विचारा, सांगतील.

मग रेकॉर्ड ऑफिस, मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगाव. साधं पत्र लिहायचं, आबांच्या सहीनं, स्वतःचा नंबर टाकून, की एकाहत्तरला माझ्या कंपनीतले जे गेले त्यांची नावं हवी आहेत. नातीनं लिहिलेल्या मेलपेक्षा जुन्या हवालदाराच्या सहीचं पत्र वेगळं वाचलं जातं हे अनुभवानं सांगतो. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला एक कॉपी द्या.

तिसरं, राष्ट्रीय समर स्मारकाची वेबसाइट आहे, त्यावर शहिदांची नावं शोधता येतात. तुम्हाला आठवणारी तीन नावं टाकून बघा, इंग्रजी स्पेलिंग मात्र दोन-तीन तऱ्हांनी करून बघायचं, त्या काळच्या क्लार्कनं कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं. नुसतं पांडुरंग किंवा मारुती टाकलंत तर ढीग निघेल, युनिट आणि वर्ष बघून गाळत जा.

दिल्लीबद्दल. स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं, इंडिया गेटच्या मागंच आहे, तिकीट नाही. एकात एक चार चक्रं आहेत, अमर, वीरता, त्याग आणि रक्षक. नावं त्याग चक्रात आहेत, ग्रॅनाइटच्या विटांवर सोनेरी अक्षरात, उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ होती. १९४७-४८ पासून सगळ्या लढायांतली. जाण्याआधी तिथल्या ऑफिसशी बोलून घ्या, रोज संध्याकाळी एका शहिदाच्या घरच्या माणसाच्या हातनं पुष्पचक्र वाहिलं जातं. भावाला तो मान मिळतो का ते विचारून ठेवा.

एक आधीच सांगून ठेवा म्हणजे तिथं धक्का नको. आबांच्या डोक्यात ज्योत इंडिया गेटच्या कमानीखाली असणार, उलटी रायफल आणि वर हेल्मेट. १९७२ च्या २६ जानेवारीपासून ती तिथं होती, म्हणजे ह्यांच्याच लढाईची. २१ जानेवारी २०२२ ला ती नव्या स्मारकाच्या ज्योतीत मिळवली. आमच्यातल्या काही जुन्या लोकांना ते आवडलं नाही, काहींना आवडलं कारण इंडिया गेटवर कोरलेली नावं पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण लढाईतल्या लोकांची आहेत, एकाहत्तरचं एकही नाव तिथं नव्हतं. मी दुसऱ्या गटात.

---

बोलभिडू

सगळ्यांची माफी मागून स्पष्ट लिहितो. ऐंशी वर्षांच्या माणसाला डिसेंबरात दिल्लीला नेऊ नका. ते धुकं, ती हवा, गाड्या आठ-आठ तास लेट. एवढं करून तिथं जाऊन काय तर हजारो विटांतली एक वीट. फोटो तुमच्या भावाच्या स्टेटसला चांगला येईल, आबांचं काय?

आणि मूळ प्रश्न वेगळाच दिसतोय मला. आबा "यंदा नाही" म्हणतायत ते माई गेल्या म्हणून आहे का चौथं नाव आठवत नाही म्हणून आहे? माझ्या मते दुसरं. फौजी माणूस हजेरीत नाव चुकणं सहन करणार नाही, त्यापेक्षा हजेरीच बंद. मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून ठेवा आणि बोलतं करा, आहेत तोवर. नंतर रेकॉर्ड ऑफिसकडनं नावं मिळतील पण माणसं मिळणार नाहीत.

---

कोयनाकाठ

@सिग्नलवाला_रिटायर्ड दादा खूप खूप आभार. मेडल काढून बघितलं, खरंच कडेला आहे!! चाळीस वर्षं भिंतीवर होतं ते, बाबांना पण माहीत नव्हतं. आबांना दाखवलं तर म्हणाले "मग, असतंयच की", जसं काही सगळ्या जगाला माहीत आहे.

@बोलभिडू भावाच्या स्टेटसबद्दल जे लिहिलंत ते त्याला वाचून दाखवलं, रागावलाय. पण चौथ्या नावाचं तुम्ही म्हणता ते मलाही रात्रभर पटत राहिलं. फक्त गुपचूप रेकॉर्डिंग मला नाही करायचं. विचारून करीन.

---

माणगावचा

आमच्याकडची गोष्ट सांगतो, कदाचित उपयोगी पडेल कदाचित नाही. माणगावात मामलेदार कचेरीसमोर यशवंतराव घाडगेंचा पुतळा आहे, व्हिक्टोरिया क्रॉसवाले. १० जुलै १९४४ ला इटलीत गेले, बावीस-तेवीसचं वय. त्यांच्या सेक्शनमधले बाकीचे पडले किंवा जखमी झाले तरी एकटे मशीनगनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि नंतर लपून बसलेल्याच्या गोळीनं गेले. त्यांची कबर नाही. इटलीतच कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव आहे. क्रॉस घ्यायला त्यांची बायको लक्ष्मीबाई गेल्या. २०२३ मध्ये इटलीत मोंटोने म्हणून गाव आहे तिथं त्यांच्या नावानं स्मारक झालं, सूर्यघड्याळ आहे, जवळजवळ ऐंशी वर्षांनी.

सांगायचं कारण असं की "जिथं दिला ती जागा" ही आपल्या जुन्या फौजी घरांत बहुतेकांना मिळालेलीच नाही. पहिल्या महायुद्धात तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीची ४६ माणसं गेली, कुठं कुठं गेली देव जाणे, गावात दगड आहे तेवढाच. पेटी घरी यायला लागली ती कारगिलपासून, १९९९. त्याआधी आघाडीवरच अग्नी द्यायचे, जमलं तर अस्थी पाठवायचे, नाहीतर तार आणि सामान. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, त्यांना वाटतं तिरंग्यातली पेटी, फुलांचा ट्रक आणि पालकमंत्री हे कायमचंच आहे.

---

लोहिताकाठी

मी नोकरीनिमित्त गुवाहाटीत असते, मूळची सोलापूरची. तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

तुरा म्हणजे मेघालयातले गारो हिल्स. तिथनं खाली उतरलं की सीमेपलीकडं कमालपूर, बक्षीगंज आणि मग जामालपूर. जामालपूर जुन्या ब्रह्मपुत्रेच्या काठावरच आहे. म्हणजे आबांनी दोनच खुणा सांगितल्या पण पक्क्या सांगितल्या.

ब्रह्मपुत्रा इथनं धुबरीवरनं पुढं बांगलादेशात शिरते. पूर्वी तिचं मुख्य पात्र जामालपूर, मैमनसिंगवरनं जायचं. पुढं नदीनं पात्र बदललं आणि आता मोठा प्रवाह जमुना ह्या नावानं पश्चिमेकडनं उतरतो. जुनं पात्र अजून आहे, बारीक झालंय, पण त्याला पाणी मिळतं ते ह्याच नदीचं, वर बहादुराबादच्या जवळ फाटा फुटतो तिथनं.

तर बांगलादेशचा व्हिसा, तिथली सध्याची परिस्थिती, ऐंशीचे आजोबा आणि गाडग्यातल्या अस्थी, हे सगळं जमवण्यापेक्षा अस्थी इथं ब्रह्मपुत्रेत सोडल्या तर त्या त्याच वाटेनं जातात. मी हे मनाचं समाधान म्हणून लिहीत नाहीये, नकाशा उघडून बघा. तुम्हाला येणं शक्य नसेल तर कळवा, इथं मराठी मंडळ आहे, विधी नीट करून देऊ, व्हिडिओ कॉलवर आबा असतील. शुक्लेश्वर घाटावर सोय आहे.

---

बोलभिडू

@लोहिताकाठी ताई हे वाचून गप्प बसलो. नकाशा उघडला पण.

---

सिग्नलवाला_रिटायर्ड

तुरा आणि जामालपूर म्हटल्यावर पलटणीचं नाव नाही लिहिलं तरी आमच्यासारख्यांना कळलंच ताई, काळजी नको, मीही लिहीत नाही. पण त्या लढाईबद्दल तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून थोडं.

कमालपूरची चौकी ४ डिसेंबरला पडली. पुढं जामालपुरात पाकिस्तानची ३१ बलुच ही पलटण पक्की खंदकं करून बसली होती. आपली ९५ माउंटन ब्रिगेड नदी ओलांडून वळसा घालून त्यांच्या पाठीमागं जाऊन बसली, टांगाईल-ढाक्याचा रस्ता अडवून. नावा, बैलगाड्या, मिळेल त्यानं सामान ओढून नेलं. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी बलुचच्या कर्नल सुलतान अहमदला पत्र धाडलं, शरण या, सगळीकडनं वेढलंय. पत्र घेऊन गेले मुक्तिबाहिनीचे, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या दलातले, जहुरुल हक मुन्शी, एकटे, पांढरं निशाण घेऊन. त्यांना तिथं मार बसला पण ते उत्तर घेऊन परत आले. उत्तरात कागदाबरोबर एक गोळी गुंडाळून पाठवली होती.

१० च्या रात्री बलुच फुटून बाहेर पडायला निघाले ते सरळ मराठ्यांच्या अंगावर आले. रात्रभर चाललं. दुसऱ्या दिवशी जामालपूर पडलं, त्याच दिवशी टांगाईलला आपल्या २ पॅरानं, म्हणजे छत्रीधारी पलटणीनं, विमानातनं उड्या टाकल्या, आणि हीच पॅरावाली मंडळी पुढं १६ तारखेला ढाक्यात सगळ्यांच्या आधी पोचली. मराठ्यांचे कर्नल होते ब्रार साहेब, त्यांना वीर चक्र मिळालं.

हे सगळं छापील आहे, कुठंही मिळेल. पण पाहा, ह्यात साहेब लोकांची नावं येतात, पत्र येतं, गोळी येते. तुमच्या आबांच्या सातांतलं एकही नाव येत नाही.

---

रानफूल६१

लेकी, मी नेहमी इथं फक्त पाककृती वाचायला येते. हा धागा सुनेनं दाखवला.

माझे वडील पासष्टच्या लढाईत गेले, पंजाबात. मी तेव्हा चार वर्षांची, मला त्यांचा चेहरा फोटोतला तेवढा. तुझी माई नावं घेताना बाहेर का येत नव्हती हे तू विचारलं नाहीस पण मला त्यावरच लिहायचंय.

माझ्या आईला पंधरा ऑगस्टला शाळेत बोलवायचे. नारळ, शाल, खण, फोटो. ती जायची, यायची आणि आल्यावर दिवसभर कुणाशी धड बोलायची नाही, भांडी आपटायची. आम्हाला वाटायचं तिला दुःख होतं म्हणून. मोठेपणी कळलं, तिला राग यायचा. शाळेत बोलणारा प्रत्येक जण तिच्या नवऱ्याबद्दल सांगायचा आणि त्यातल्या एकानंही त्यांना पाहिलेलं नसायचं. वीर, पराक्रमी, सुपुत्र. ती म्हणायची हा कोण माणूस, मला ओळखीचा नाही.

मग एकदा, मी कॉलेजात असेन, वडलांच्या पलटणीतले एक सुभेदार पत्ता शोधत घरी आले. कोल्हापूरकडचे होते. चहा पिता पिता म्हणाले, वहिनी, ह्या माणसानं आमची साखर चोरली! सगळ्यांच्या राशनची साखर थोडी थोडी काढून डब्यात साठवायचा, विचारलं तर म्हणायचा सुट्टीवर जाताना पोरीला नेणार. आई इतकी हसली की शेजारीण बघायला आली. पुढं मरेपर्यंत तिनं ही गोष्ट येईल त्याला सांगितली. कलेक्टरला पण सांगितली, शाल घेताना. शाली तिनं सगळ्या वाटून टाकल्या.

तर माझं मत विचारशील तर तुझ्या माईला नाव नको होतं. नाव तिच्याकडं होतंच. आणि तुझ्या आबांकडं ती साखर आहे, ती त्यांनी तिला कधी दिली का हे मला माहीत नाही, दीर-भावजयीच्या मर्यादेत राहून गेली असेल. तू आबांना नावं विचारू नकोस. चौथा माणूस जेवायला बसला की काय करायचा ते विचार. घोरायचा का, कुणाची पत्रं वाचून दाखवायला लागायची, पैसे कुणाचे बुडवले. लेक म्हणून सांगते, आम्हाला तेच हवं असतं. आबांच्या त्या सहा जणांच्या घरी पण कुठंतरी कुणीतरी म्हातारी लेक असेल माझ्यासारखी.

---

माणगावचा

+१. ह्या प्रतिसादापुढं आमचं सगळं वाहून गेलं.

---

पुणेरी_तडका

साखर चोरणं हे सैनिकाच्या प्रतिमेला शोभत नाही असं नम्र मत. अशा गोष्टी पब्लिक फोरमवर टाळाव्यात.

---

बोलभिडू

@पुणेरी_तडका बरं.

---

कोयनाकाठ

अपडेट द्यायला आले, उशीर झाला त्याबद्दल सॉरी, मध्ये ऊसतोड आली आणि घरात कुणाला बसायला वेळ नव्हता.

@रानफूल६१ काकू, तुमचं लिहिलेलं मी आबांना वाचून दाखवलं. सगळं. साखरेच्या गोष्टीला त्यांनी मान हलवली आणि म्हणाले "बरोबर हाय, सगळीच चोरायची, आमच्यात एक गूळ चोरायचा." मी म्हटलं कोण आबा? तर सुरूच झाले. रेकॉर्डिंगला हो म्हणाले, फक्त मध्ये मध्ये "ह्ये नको घालू त्यात" म्हणत होते त्यामुळं निम्मं मी बंद करूनच ऐकलं.

चौथं नाव लगेच नाही आलं. आधी आला तो माणूस. तो लंगरी होता, म्हणजे पलटणीचा स्वयंपाकी, आणि त्याच्या पुऱ्या कधी फुगायच्या नाहीत म्हणून सगळे त्याला छळायचे. वळसा घालून नदीपार गेल्यावर खायला काही पोचत नव्हतं, तेव्हा हा गडी पाठीवर शिधा बांधून पुढं आला होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिथंच गेला. आबा हे सांगत होते, सांगता सांगता त्याला हाक मारल्यासारखं नाव घेतलं, आडनावासकट, गाव सांगलीकडचं. आणि मग मलाच ओरडले की "ल्ही की, बघत काय बसलीस."

सात नावं आता वहीत आहेत. तीन जणांची गावं पण मिळाली. स्मारकाच्या वेबसाइटवर पाच सापडली, तात्या धरून. तात्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, बाबा म्हणतात पत्र लिहून दुरुस्त करून घेऊ, आबा म्हणतात असू दे, फौजेत त्याला तसंच म्हणायचे.

तात्याबद्दल मात्र एवढंच सांगितलं की तो माईची पत्रं (ती ९९ एपीओ ह्या फौजेच्या टपाल पत्त्यावर यायची) स्वतः वाचायचा नाही, आबांना वाचायला लावायचा कारण त्याचं वाचन कच्चं होतं. म्हणजे धाकट्या भावजयीनं नवऱ्याला लिहिलेली सगळी पत्रं थोरल्या दिरानं वाचलेली! आणि हे माईला माहीत नव्हतं. युद्धकैदी सुटून आले ते बाहत्तरच्या शेवटी, तोवर ती मानायलाच तयार नव्हती, बांगड्या घालून फिरायची, आणि गावात तिला कोण काय बोलायचं ते आबांनी ऐकून घेतलं. "तिला काय सांगणार हुतो, तुजी पत्रं म्या वाचली म्हून?" असं म्हणाले आणि विषय बंद. मी पण पुढं नाही विचारलं.

अस्थींचं: @लोहिताकाठी ताई, तुमचा नकाशा मी आबांना मोठा करून दाखवला. बोटानं नदी धरून वरनं खालपर्यंत आले आणि जामालपूरवर बोट ठेवून म्हणाले हितं. व्हिडिओ कॉलला नाही म्हणतात, "फोनवर कसलं." माझा भाऊ फेब्रुवारीत विमानानं येईल अस्थी घेऊन, तुम्हाला मेसेज केलाय.

आता दिल्ली रद्द. आबांनी स्वतःच सांगितलं, दिल्ली नको, बेळगाव. रेजिमेंटच्या सेंटरला जायचं म्हणतात, तिथं शरकत मेमोरियल म्हणून युद्धस्मारक आहे त्याला सॅल्यूट मारायचाय आणि रेकॉर्ड ऑफिसात पत्र स्वतःच्या हातानं द्यायचंय. उरलेल्या दोन नावांसाठी, त्यात एक लंगरी.

@सिग्नलवाला_रिटायर्ड दादा, लंगरी लोकांची नावं रेकॉर्डला असतात ना? का ते वेगळे धरतात?

---

सिग्नलवाला_रिटायर्ड

असतात. लंगरी, न्हावी, धोबी, मोची, सगळे भरती झालेले सैनिकच, नंबर असतो, पलटणीबरोबर लढाईत जातात. पत्रात ट्रेड लिहा म्हणजे शोधायला सोपं. वेबसाइटवर नाही सापडला तो स्पेलिंगमुळंच असेल, आडनावाऐवजी वडलांचं नाव लावून बघा एकदा.

बेळगावला ४ फेब्रुवारी हा रेजिमेंटचा दिवस, तानाजींनी सिंहगड घेतला तो. जुने लोक भेटतील पण गर्दी असते आणि ऑफिसात काम होणार नाही. आबांना भेटीगाठी हव्यात का काम, ते विचारा. कामासाठी जायचं तर मधला साधा वार धरा, सकाळी लवकर पोचा, आबांचं एक्स-सर्व्हिसमन कार्ड, डिस्चार्ज बुक आणि तुमची आधार कार्डं गेटवर लागतील. मेडलं कोटाला लावून जाऊ द्या. गेटवरचा पोरगा उभा राहील बघा.

---

कोयनाकाठ

काम आधी म्हणतात. भेटायला आता कोण उरलंय असं पण म्हणाले, म्हणून साधाच वार.

आणि हो, १६ तारखेला हजेरी झाली. वही मी हातात धरून बसले होते, बघायची वेळ आली नाही. आठ नावं घेतली त्यांनी.

आता एक फालतू प्रश्न. कराडहून गाडीनं जायचं, आबांना दर दीड-दोन तासांनी थांबावं लागतं आणि गुडघ्यामुळं पायऱ्या चढता येत नाहीत. कोल्हापूरच्या पुढं पायऱ्या नसलेलं आणि स्वच्छ बाथरूम असलेलं ठिकाण कुणाला माहीत आहे का?

---

निपाणकर

निपाणीत शिरू नका, हायवेनं सरळ या. तवंदी घाट चढायच्या आधी डाव्या हाताला पेट्रोल पंप लागतात, तिथं बाथरूम गाडीपासनं सपाट आहे. जेवायचं मात्र संकेश्वर सोडल्यावर बघा. गाडी पुढच्या दाराशी लावू देतात, म्हातारी माणसं आहेत म्हटलं की. निघायच्या आदल्या दिवशी इथं लिहा, मी त्या रस्त्यावर रोज असतो.